मंदाताईंची मधमाश्यांची गाडी

गाडीखाली पाठ टेकून पडलं की माणसं घोट्यापर्यंतच दिसतात. माझं कामाचं सगळं आयुष्य असं गेलं. गिऱ्हाईक आलं की आधी मला त्याच्या चपला दिसायच्या, मग आवाज यायचा, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, मी हात पुसत बाहेर आल्यावर.

नगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती विरळ होते तिथं, माझं कमानपाट्याचं दुकान होतं. पत्र्याची शेड, एक भट्टी, जमिनीत खणलेला खड्डा, आणि शेजारच्या गाळ्यात बशीरभाईंचं लेथ मशीन. ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअपच्या चाकामागं वाकून पाहिलंत तर पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध आवळून बसवलेल्या दिसतील. ते कमानपाटे. रस्त्याचा धक्का आधी टायर खातो, मग पाटे खातात, उरलेला शॉकअप जिरवतो, आणि तरीही जो उरतो तो माणसाच्या मणक्यात जातो. पाटे कडक केले तर गाडी ओझं उचलते पण माणसाला हाणते. मऊ केले तर माणूस सुखावतो आणि गाडी मागून बसते. या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी प्रत्येक गाडीची एक जागा असते, ती शोधणं हे माझं काम.

कंपनी गाडी बांधते ती सगळ्यांसाठी. माझ्याकडे येणारा माणूस 'सगळे' नसायचा. घोडेगावच्या बाजाराला म्हशी नेणारे एक व्यापारी आले होते. म्हणाले, "मिस्तरी, म्हशीला उभ्यानं जावं लागतं आन तिला धरायला दांडी न्हाई." म्हशीला काय वाटतं हे कळावं म्हणून हे गृहस्थ स्वतः पिकअपच्या हौद्यात, हात मागं बांधून, घोडेगावापासून नगरपर्यंत उभे राहून आले होते. गुडघा सुजलेला होता. त्यांचं काम मी फार मनापासून केलं. दुसरा एक पोरगेला गडी आला, त्याला गाडी दीड वीत उंच करून हवी होती. कशासाठी, तर गावात शिरताना लोकांनी मान वर करावी. मी त्याला सांगितलं, गाडी जितकी उंच तितकी ती वळणावर लवकर कलंडते. तो नाराज होऊन गेला आणि दुसरीकडून करून घेतली. पुढं ती गाडी रस्त्यात समोरून दिसली की मी आपला कडेला व्हायचो.

पण आज मला सांगायचंय ते मंदाताईंबद्दल.

एका दुपारी मी एका टेम्पोखाली पडलेलो असताना दोन जोड्या दिसल्या. मागं पुरुषाच्या जाड चपला, पुढं बाईच्या साध्या रबरी. बाईच बोलल्या.

"मिस्तरी, गाडीनं माशा मरत्यात."

मला वाटलं घरात असतात त्या माशा. खालूनच म्हटलं, "मग चांगलंच आहे की."

"तुमी आधी भायेर या," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर चाळिशीच्या आतबाहेरची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी लाकडाची एक चौकट काढून माझ्यापुढं धरली. चौकटीत मधाचं पोळं असायला हवं होतं. ते मधोमध तुटून खाली लोंबत होतं आणि त्यात शेकडो मधमाश्या मधातच बुडून मेलेल्या होत्या. नवरा मागं उभा होता. भानुदास त्यांचं नाव. दोघं पारनेर तालुक्यातल्या एका खेड्याचे.

त्यांचा धंदा मला त्या दिवशी कळला. कांद्याचं बी हवं असेल तर कांदा पुन्हा जमिनीत लावतात. त्याला उंच दांडा येतो आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा फुटतो. आमच्याकडे त्यांना डेंगळे म्हणतात. त्या फुलांवर मधमाशी फिरली नाही तर बी नीट भरत नाही. म्हणून बियाणं करणारे शेतकरी फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून वावरात ठेवतात. मंदाताई आणि भानुदासभाऊ अशा पेट्या सांभाळायचे आणि फुलांच्या मागं गाडीनं हिंडवायचे. एका वावरातला फुलोरा संपला की दुसऱ्याकडे.

भानुदासभाऊ मूळचे ड्रायव्हर. मोटारसायकलवरून पडले आणि उजवा खांदा असा काही मोडला की हात छातीच्या वर जाईना. त्यांच्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं जड, की धडधाकट माणसालाही वळवताना उठून बसावं लागे. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर तो एकदा डंख बसला की दुसऱ्या दिवशी येत नसे.

"मला दोन गोष्टी पायजेत," मंदाताई म्हणाल्या. "पेट्या हादरायला न्हाई पायजेत. आन ह्यांना एका हातानं वळवता आली पायजे."

"दीड हात म्हण," भानुदासभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

मी लगेच होकार दिला नाही. म्हशीचं वजन मला कळत होतं, कांद्याच्या गोण्या कळत होत्या. मधमाशीला किती हादरा चालतो हे कुणाला विचारायचं? शिवाय गाडीच्या मूळ बांधणीला हात लावायचा तर आरटीओची मंजुरी लागते. ती हातात आल्याशिवाय मी पान्याला हात लावत नसे. भानुदासभाऊंनी त्यासाठी चकरा मारल्या, मंजुरी आणली, आणि भाड्याच्या ड्रायव्हरकरवी गाडी माझ्या दारात आणून उभी केली.

आधी पाटे घेतले. जुने पाटे आखूड, जाड आणि संख्येनं जास्त होते. मी लांब आणि पातळ पाटे घडवले. पोलाद भट्टीत लाल करायचं, बाक द्यायचा, तेलात विझवायचं आणि मग पुन्हा बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. यात घाई केली की पाटा पहिल्याच खड्ड्यात काचेसारखा तुटतो. खाली एक जाड पाटा असा ठेवला, की गाडी भरली तरच तो कामाला लागेल. रिकाम्या गाडीला तो शिवणारच नाही.

मग प्रश्न आला तपासायचं कसं. मी म्हटलं, पेट्यांच्या जागी विटा ठेवून चालवून बघू.

"इटा काय सांगत्यात का तुमाला?" मंदाताई म्हणाल्या. "मी पेटी आनते."

त्यांनी खरंच एक भरलेली पेटी आणली. मधमाश्या संध्याकाळी आत परतल्या की दाराला जाळी लावतात. सूर्य टेकला तशी आम्ही पेटी हौद्यात बांधली. मंदाताई शेजारी पोतं टाकून बसल्या आणि पेटीला कान लावला. बशीरभाईंनी गाळ्याचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि खालून विचारलं, "जाळी पक्की है ना, ताई?"

"पक्की हाय, भाई."

"मग मी इथूनच बघतो," ते म्हणाले.

ताईंनी मला काय ऐकायचं ते समजावलं होतं. माश्या निवांत असल्या की जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा आवाज येतो. चिडल्या की कापड फाडल्यासारखा. मी गाडी चालवायची, आणि आवाज बदलला की ताईंनी केबिनच्या मागच्या काचेवर बोटं वाजवायची. दगडी चाकोरीच्या कच्च्या रस्त्यावर मी गाडी घातली. खड्ड्यात चाक गेलं, पण काच वाजली नाही. दुसरा खड्डा, तिसरा. काच गप्प. मी खूश झालो. मग एक साधं वळण आलं, खड्डाही नव्हता, आणि ताईंनी काच बडवायला सुरुवात केली.

गाडी थांबवली. ताई म्हणाल्या, "वर-खाली झालेलं चालतंय त्यांना. ही आडवी झुलती. आडवं झुललं की चौकटी एकमेकीवर आपटत्यात."

मऊ पाट्यांचा तो दोष मला ठाऊक होता, पण माझ्या बुडाला जो झोल जाणवला नव्हता तो मधमाश्यांना जाणवला. आम्ही अॅक्सलला आडवी पोलादी सळई बसवली. गाडी एका अंगाला झुकायला लागली की ती सळई पिळली जाते आणि गाडीला परत सरळ ओढते. सळईची जाडी दोनदा बदलली. दर वेळी पेटी, पोतं, कान. त्यात एकदा जाळी सैल राहिली आणि गाळ्यात शटरमागं बसलेल्या बशीरभाईंच्या कानालाच डंख बसला. कान सुजला, लाल झाला, पण काम सोडून गेले नाहीत. फक्त ताईंना म्हणाले, "मी लपलो होतो, तरी पत्ता कोणी दिला?"

अखेर एका संध्याकाळी आम्ही कच्च्या रस्त्यानं जाऊन आलो आणि काच एकदाही वाजली नाही. मागं जाऊन बघतो तर ताई पेटीला कान लावून डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं काही बिघडलं. त्यांनी हातानं खूण केली, तुम्हीही ऐका. मी कान लावला. ती घरघर मी आजही आठवू शकतो.

स्टेअरिंगचं काम मात्र अंगावर आलं. भंगारातल्या एका गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा डबा आणि पंप मी आणला, उघडून आतलं सगळं नवं भरलं. या कामात माझा एक कडक नियम होता: पाट्यांवर आणि स्टेअरिंगच्या दांड्यांवर वेल्डिंग करायचं नाही. जोडलेलं पोलाद वरून कितीही छान दिसलं तरी आत त्याला आपण ठिसूळ करून ठेवलेलं असतं, आणि स्टेअरिंग तुटलं तर माणसाला दुसरी संधी मिळत नाही. वेल्डिंग फक्त डबा चेसिसच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर, बाकी सगळं घडीव आणि बोल्टनं आवळलेलं. बशीरभाईंनी लेथवर टोकं इतकी नेमकी काढून दिली की बोटानं ढकलली तरी बसावीत.

स्टेअरिंग हलकं झालं. भानुदासभाऊंनी सीटवर बसून डाव्या हातानं गाडी जागच्या जागी वळवली, आणि उजवा हात मांडीवर तसाच राहिला. पुन्हा उलट बाजूला वळवली.

त्याच दिवशी मी गाडी रस्त्यावर काढली. सपाट रस्त्यावर लोण्यासारखी चालली. गतिरोधकावर पुढची चाकं चढली तशी गाडी आपण होऊन डावीकडे सरकली. मी स्टेअरिंग हलवलंच नव्हतं. परत फिरून पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

कारण समजायला वेळ लागला नाही. पाटा वर-खाली होतो तेव्हा चाक एका गोलाईत फिरतं. स्टेअरिंगच्या डब्यापासून चाकाकडे जाणारा दांडाही त्याच्या गोलाईत फिरतो. या दोन गोलाया जुळल्या नाहीत, तर दाराच्या बिजागऱ्या एका रेषेत नसल्यावर होते तशी ओढाताण होते, आणि दांडा चाकाला वळवून टाकतो. माझे नवे पाटे लांब होते आणि नवा डबा खाली बसला होता. कारण कळलं होतं, पण डबा आता चेसिसला पक्का बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीनं गाडी न्यायला आले. जामखेडकडच्या एका शेतकऱ्याचे डेंगळे फुलायला लागले होते आणि त्या संध्याकाळी पेट्या भरायच्या ठरल्या होत्या. मी सांगितलं, गाडी देता येणार नाही.

"मिस्तरी, डेंगळं फुललेत," मंदाताई म्हणाल्या. "ती माझ्यासाठी थांबायची न्हाईत."

"ताई, ही गाडी खड्ड्यात आपोआप वळते. समोरून कोणी आलं तर?"

"मी घट्ट धरून चालवीन," भानुदासभाऊ म्हणाले. "हळू नेतो. एवढी खेप हू द्या."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोनत्या हातानं धरनार?" त्यांनी इतकं हळू विचारलं की मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग त्या शेडबाहेर गेल्या आणि शेतकऱ्याला फोन लावला. खोटं सांगता आलं असतं, गाडी पंक्चर आहे, कोणी आजारी आहे. त्यांनी सरळ सांगितलं, "गाडी तयार न्हाई, दादा. मिस्तरी देत न्हाई आन त्यांचं बराबर हाय." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ताई ऐकत होत्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "निम्म्या वावरात तो दुसऱ्याच्या पेट्या आननार हाय. निम्मं आपल्यासाठी ठिवलंय. आता तुमी सांगा, आमी काय करू?"

मी म्हटलं, "थांबा. आज मला माणसं लागणार आहेत."

त्या दिवशी माझ्या दुकानात जे काम झालं तसं पुन्हा झालं नाही. भानुदासभाऊंना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. स्टेअरिंगच्या वरच्या बाजूला ताईंनी एक पांढरी चिंधी बांधली. मी खड्ड्यात. बशीरभाई जॅकवर. जॅकनं अॅक्सल वर उचलला की चिंधी आपोआप सरकायची आणि भानुदासभाऊ वरून सांगायचे, "चार बोटं उजवीकडं." मी डबा सोडवून थोडा वर धरायचो, तात्पुरता आवळायचो, पुन्हा जॅक. "तीन बोटं." दुपारी ताईंनी सगळ्यांना आपल्या फडक्यातल्या भाकरी वाटल्या. पुन्हा खड्डा. "दीड." मी डबा आणखी वर घेतला तर चिंधी उलट्या बाजूला जायला लागली. म्हणजे जागा मधे कुठंतरी होती. शेवटी वरून काहीच आवाज येईना.

"भाऊ, किती?"

"हलत न्हाई," भानुदासभाऊ म्हणाले.

"जॅक वर घेतलाय ना, भाई?"

"पूर्ण वर घेतलाय," बशीरभाई म्हणाले.

"मग पुन्हा बघा."

"मिस्तरी, चिंधी हलत न्हाई."

खड्ड्यात उभा राहून मी कपाळ चेसिसला टेकवलं. त्या जागेवर खडूनं खूण केली, आणि पुढचे दोन दिवस त्या उंचीला नवं ब्रॅकेट घडवण्यात गेले. जाड प्लेट, मागून आडवा टेकू, आणि बशीरभाईंनी काढून दिलेले बोल्ट. मग गतिरोधकावरून, खड्ड्यांतून, एका बाजूचं चाक रस्त्याखाली घालून, सगळं करून पाहिलं. गाडी सरळ राहिली. पुन्हा एकदा रीतसर तपासणी करून घेतली आणि किल्ली ताईंच्या हातात दिली.

पेट्या पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी भानुदासभाऊंचा फोन आला. म्हणाले, पुलाचं काम चाललंय तिथं अंधार पडता पडता पुढचं चाक मोठ्या खड्ड्यात गेलं. समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे लेकरू. मग म्हणाले, "सरळ गेली, मिस्तरी." एवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता.

त्या हंगामात त्यांचं निम्मं काम गेलं. ते माझ्या चुकलेल्या ब्रॅकेटमुळे गेलं. दोघांपैकी कोणीही मला त्याबद्दल कधी बोललं नाही. उलट पुढं घोडेगाव, पारनेर, जामखेड, कुठून कुठून माणसं येऊन सांगायची, मधमाश्यावाल्या ताईंनी पाठवलंय. कोणाला अंड्यांची गाडी, कोणाला मातीच्या मूर्तींची. मला शिकवणारे उस्ताद होते, त्यांचं ऋण आहेच. पण गाडीत बसणाऱ्याचं ऐकायचं, मग तो बोलता येणारा असो की नसो, हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलं. पायताणं झिजवून ती माझ्या दारात आली आणि आपल्या अडचणी माझ्यापुढं ठेवून गेली. याहून मोठा विश्वास कोणी कोणावर काय टाकणार?

गुडघे खड्ड्यात उतरेनासे झाले तेव्हा मी दुकान बंद केलं. शेड बशीरभाईंनी घेतली. गेल्या फुलोऱ्याच्या दिवसांत एका सकाळी घरासमोर हॉर्न वाजला. बाहेर येऊन पाहतो तर तीच पिकअप, आणि स्टेअरिंगवर मंदाताई. गाडी हलकी झाल्यावर भानुदासभाऊंनी त्यांना शिकवलं होतं, आणि आता लायसन घेऊन त्या एकट्याच सगळीकडे फिरत होत्या.

"चला मिस्तरी," त्या म्हणाल्या. "एवढी गाडी बांधून दिली, पन माशा फुलावर बसलेल्या काय तुमी पायल्या न्हाईत. हे तिकडंच हायेत वावरात."

मी शेजारी बसलो. माझ्या बायकोला माझ्याबरोबर प्रवास करायला आवडत नाही, कारण मी गाडीत गप्पा मारत नाही. एसटी असो, रिक्षा असो, लग्नाची बस असो, माझे कान चाकांत असतात. डाव्या बाजूचा बुश गेलाय, मागचा यू-बोल्ट सैल झालाय, हेच डोक्यात चालतं. उभ्या आयुष्यात चालत्या गाडीत माझा डोळा लागलेला नाही.

नगर मागं पडलं. ताई काहीतरी सांगत होत्या, त्यांच्या पुतणीच्या लग्नाबद्दल असावं. खिडकीतून ऊन येत होतं.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. इंजिन बंद, काच खाली केलेली, आणि ताई बोनेटजवळ उभ्या राहून भानुदासभाऊंशी हळू आवाजात बोलत होत्या. समोर सगळं वावर पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं.

"लई गाढ झोपला हुता," ताई म्हणाल्या. "उठवायचं जिवावर आलं. बराच येळ झाला येऊन."

मी उतरलो. सवयीनं पुढच्या चाकापाशी वाकलो, आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिलो.

"काय झालं, मिस्तरी? आवाज येत हुता का काय?" भानुदासभाऊंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच आवाज येत नव्हता. चला, तुमच्या माश्या दाखवा."